विडी, नळ आणि आमची अकरा पानी प्रश्नावली: एम.ए.च्या प्रकल्पाच्या नोंदी

आम्ही चौघं, एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष. नावं देत नाही. एकमेकांना गावावरूनच हाका मारतो, तेच इथं चालेल: बार्शीकर, अक्कलकोटकर, भवानी पेठवाली आणि मी मोहोळची. विषय होता सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचा दिवस आणि त्यातली विषमता. पुढच्या वर्षी कुणी असलंच काही हाती घेणार असेल तर आमचे वाया गेलेले आठवडे त्यांचे तरी जाऊ नयेत, म्हणून या नोंदी. सिद्धांताचं प्रकरण प्रबंधात आहे, इथं त्याचा त्रास नाही.

२४ नोव्हेंबर

शीर्षक दिलं: 'सोलापूर शहरातील विडी कामगार महिलांची सामाजिक-आर्थिक स्थिती: एक समाजशास्त्रीय अभ्यास'. मॅडमनी कपाटाकडे बोट दाखवलं. याच नावाचे, एखादा शब्द इकडंतिकडं केलेले, कितीतरी प्रबंध तिथं धूळ खात होते. म्हणाल्या, "स्थिती वाईट आहे हे तुम्हाला घरी बसून माहीत आहे. एकाच कामात दोन बायकांमध्ये फरक कुठं पडतो ते शोधा." आम्ही मान डोलावली आणि बाहेर येऊन जुन्या शीर्षकावरच प्रश्न काढायला बसलो. ही पहिली चूक.

१ डिसेंबर

प्रश्नावली अकरा पानांची झाली. पहिल्या पानावर नाव, जात, पोटजात, धर्म, शिक्षण, मासिक उत्पन्न. शेवटच्या तीन पानांवर 'पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत' असे पाच-पाच चौकोन. ६० प्रती, ६६० पानं, दीड रुपयानं ९९० रुपये. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "मतदार यादी आहे का?" एकाही घरी वापरून न बघता साठ प्रती काढल्या याची लाज अजून वाटते. आधी पाच काढा.

८ डिसेंबर

पहिला दिवस, साईबाबा चौकाच्या मागची वस्ती. सकाळी दहाला पोचलो तर निम्म्या घरांना कुलूप. बायका ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेत, माल द्यायला गेलेल्या. कालच्या विड्या द्यायच्या, मोजून-तपासून घ्यायच्या, नवीन पानं-तंबाखू घ्यायचा आणि परत. ज्यांच्यावर अभ्यास करतोय त्या सकाळी कुठं असतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. भवानी पेठवालीची आजी विड्या वळायची, तिला ठाऊक होतं. पण तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिच्या मते हे सगळ्यांना माहीतच असतं.

दुपारी एकनंतर जा. चारनंतर नको, तेव्हा पोरं शाळेतून येतात.

१० डिसेंबर

नऊ मुलाखती. नऊच्या नऊ बाद. कारणं जशी घडली तशी लिहिते.

पहिल्या घरी बार्शीकरनं विचारलं, "ताई, तुम्ही काम करता का?" त्या म्हणाल्या, "नाही, घरीच असते." मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं, बोटं चालूच. बार्शीकरनं 'गृहिणी'समोर खूण केली आणि पुढं गेला. नंतर फॉर्म बघताना मी ओरडले, तर म्हणतो, "त्यांनीच सांगितलं बे!" प्रश्न बदलून 'दिवसाला किती विड्या होतात?' असा केला. त्याला उत्तर लगेच मिळतं.

दुसऱ्या घरी सगळी उत्तरं सासऱ्यांनी दिली. ते पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यापासून घर सासू आणि सुनेच्या विड्यांवर चालतं. पण खुर्चीवर तेच बसलेले होते आणि उत्पन्न किती तेही त्यांनीच सांगितलं. सून एकदाच मान वर करून आमच्याकडं बघून हसली. फॉर्मवर नाव मात्र तिचं.

उत्पन्नाचा आकडा तर नवांनीही जवळपास एकच सांगितला. आधी आनंद झाला, नंतर कळलं की प्रत्येकीनं हजार विड्यांचा दर गुणिले महिन्याचे दिवस असा तोंडी हिशेब सांगितला होता. तो मिळायला हवा असलेला पैसा. हातात पडलेला वेगळा.

'समाजात स्त्रियांना समान संधी मिळते: पूर्णपणे सहमत, सहमत...' हे वाचून दाखवल्यावर एक आजी म्हणाल्या, "तुला काय लिहायचं ते लिही बाळा." पाचही चौकोन त्यांनी आमच्या मर्जीवर सोडले. मी मधला भरला. हे प्रबंधात लिहिलेलं नाही, इथं लिहिते.

नववं घर. पंचावन्न मिनिटं झाली. ताईंनी आमच्यासाठी सूप बाजूला ठेवलं होतं. उठताना त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यापायी माझ्या शंभर गेल्या." रागानं नाही, दुधाचा हिशेब सांगावा तसं. हात बसलेल्या बाईच्या तासाला शंभरेक होतात, म्हणजे आकडा बरोबर होता. रिक्षात कुणी बोललं नाही. बायकांच्या वेळेची किंमत कुणी धरत नाही, असं आमच्या प्रस्तावनेत लिहिलेलं होतं.

१५ डिसेंबर

मॅडमसमोर सगळं सांगितलं. बार्शीकरचं म्हणणं, मुलाखतीचे पैसे द्यावेत. अक्कलकोटकर म्हणाला, पैसे दिले की उद्या शेजारीण विचारेल माझ्याकडं का नाही आलात. मॅडमनी निकाल दिला नाही. म्हणाल्या, "सूप खाली ठेवायला लागणार नाही असं काही करा."

मग नियम ठरवले. बसायचं जमिनीवर, कागद पिशवीत. बोलायचं एकानं, लिहायचं दुसऱ्यानं, तेही जमलं तर बाहेर येऊन. प्रश्न अठरा. जात सगळ्यात शेवटी आणि सांगितली तरच. घरात पुरुष असतील तर बार्शीकर आणि अक्कलकोटकर त्यांना घेऊन चहाच्या टपरीवर. (हा सगळ्यात यशस्वी नियम. टपरीवर त्यांना यंत्रमागाची जी माहिती मिळाली तिचा वेगळा प्रकल्प होईल.) आणि हात चालूच राहू द्यायचे.

अकरा पानी प्रश्नावलीच्या ५१ कोऱ्या प्रती उरल्या. पाठीमागची बाजू पुढं कामाला आली.

१६ डिसेंबर

भाषेची चूक वेगळी नोंदवते. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या, घरांत बोलणं तेलुगू. बायकांना मराठी येतं, बाजाराचं आणि ब्रँचचं. आम्ही मराठीत विचारलं की उत्तर 'हो', 'नाही', 'बरं चाललंय' एवढंच. आज भवानी पेठवालीनं तोच प्रश्न तेलुगूत विचारला तर उत्तर दहा मिनिटं चाललं. 'टैम लेदु' हे शब्द मला त्यात चारदा ऐकू आले. वेळ नाही. तिथंच प्रकल्पाचा विषय बदलला. पैशाऐवजी वेळ मोजायचा ठरला.

१९ डिसेंबर

वेळ मोजायची पद्धत आयती आहे. देशात वेळ-वापराचा पहिला मोठा सर्व्हे २०१९ मध्ये झाला, दुसरा २०२४ मध्ये. आदल्या दिवशी पहाटे चार ते आज पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. २०२४ चा आकडा सगळ्यांनी वाचलेला असतो: घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. आम्ही तोच तक्ता उतरवून घेतला.

पहिल्याच घरी अडकलो. "साडेअकरा ते बारा काय केलं?" "विड्या." "आणि भात?" "तोही लावलेला." "मग मुलगा?" "तो इथंच, पायावर." अर्धा तास एक आणि कामं तीन. तीन वेगळ्या ओळींत लिहिली तर बाईचा दिवस एकतीस तासांचा होतो. मुख्य काम एकच लिहिलं तर भात आणि मूल गायब होतं.

दोन दिवस यावर भांडलो. शेवटी अक्कलकोटकरनं (जो एरवी फक्त डबा खायला येतो असा आमचा समज) दोन रकाने सुचवले: हात कशात, लक्ष कशात. हात विडीत, लक्ष कुकरच्या शिट्टीत. हात विडीत, लक्ष नळात. बायकांना हे फोड न करता समजलं. एक ताई तर पुढच्या वेळी स्वतःहून म्हणाल्या, "काल दुपारी लक्ष कुठंच नव्हतं, लिही." लिहिलं.

घड्याळानं विचारू नका. खुणा विचारा: नळ आला तेव्हा, शाळेची रिक्षा आली तेव्हा, दुपारची अजान, रात्रीची मालिका. मागून आपण वेळा लावायच्या.

२३ डिसेंबर

वेळ मोजायला लागल्यावर नळ आपोआप आला. सोलापूरला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड पाळी असते. उजनी धरण उशाला असून ही गत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आम्ही एकाच बाईच्या दोन दिवसांच्या नोंदी घ्यायला लागलो, एक पाण्याचा आणि एक बिनपाण्याचा.

दत्त नगर भागातल्या एका ताईंचं उदाहरण देते. बिनपाण्याच्या दिवशी रात्री दहापर्यंत त्यांच्या नऊशे झाल्या. पाण्याच्या दिवशी सहाशे. पाणी दीड तासच आलं, पण त्याआधी 'आता येईल, मग येईल' यात पाऊण तास गेला आणि नंतर सगळ्या घराचं साठलेलं धुणं. त्यांच्याच गल्लीत, चार घरं सोडून, दुसरी ताई. तसंच विडी कामगाराचं ओळखपत्र म्हणजे कार्ड, तीच ब्रँच, तोच दर. तिच्याकडं मोटार आणि मोठी टाकी. पाण्याच्या दिवशीही तिच्या साडेआठशे. मॅडम म्हणाल्या होत्या तो दोन बायकांतला फरक हा. आमच्या अकरा पानांत पाण्याचा एकही प्रश्न नव्हता.

२७ डिसेंबर

मोठा घोटाळा. सोळा मुलाखती झाल्या म्हणून खुशीत यादी केली तर सोळाही एकाच समाजाच्या. भवानी पेठवालीच्या मावशीनं ओळख करून दिली, तिनं नणंदेची, नणंदेनं शेजारणीची. साखळी पद्धतीत हे होणारच, परीक्षेत आम्ही ते लिहिलेलंही होतं. विषमतेचा अभ्यास आणि नमुन्यात एकच घरंदारं.

नव्यानं तीन टोकं धरली. शास्त्री नगरमध्ये अक्कलकोटकरच्या वर्गमित्राची आई, विडी घरकुल वसाहतीत एक अंगणवाडी ताई आणि कुंभारीची वसाहत. एका टोकातून चारपेक्षा जास्त घरं घ्यायची नाहीत असा नियम केला. यात नऊ दिवस गेले.

शास्त्री नगरात दखनी चालते. तिथल्या खालांनी आमचं बोलणं दोन मिनिटांत मार्गी लावलं: "पूछो जी, हात चलता रैता."

५ जानेवारी

संमतीपत्र. विद्यापीठाच्या नियमानं सही हवी. सही म्हटलं की बायका मागं सरकतात. एकीनं विचारलं, "फायनान्सचे का?" दुसरीनं, "घराचा फॉर्म का?" या भागात घराच्या फॉर्मला वजन आहे. कुंभारीला विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची, पुढं रे नगर तीस हजारांचं, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये मिळालेल्या. त्यामुळं कागद घेऊन येणाऱ्या पोरांकडून काहीतरी मिळणार किंवा काहीतरी जाणार, दोन्हीपैकी एक नक्की.

आम्ही काय केलं: "आमच्याकडून काही मिळणार नाही, आमचे मार्क मिळतील" असं पहिल्याच वाक्यात सांगायला लागलो. हसतात आणि बसा म्हणतात. संमती तोंडी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रित केली, विभागाकडून तशी लेखी परवानगी काढली. परवानगीला सहा दिवस.

१३ ते १७ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वज, अक्षता, होम. सगळं सोलापूर सिद्धेश्वराच्या दारात, मुलाखत कोण देतंय? आम्हीही फिरलो. वेळापत्रक करताना यात्रा धरली नव्हती, हे सोलापुरात राहून.

२० जानेवारी

छाट. हा शब्द आम्हाला डिसेंबरातच ऐकू येत होता, पण मोजायचं सुचलं नाही. ब्रँचमध्ये विड्या तपासतात, ज्या पसंत पडत नाहीत त्या बाजूला काढतात, त्यांची मजुरी नाही. म्हणून हजार द्यायच्या तर घरून हजारावर वळून न्यायच्या. ज्या जास्तीच्या वळल्या त्यांचा वेळ कुणाच्याच हिशेबात नाही.

आज एका ताईंबरोबर गेले. मला आत घेतलं नाही, ते अपेक्षितच होतं. बाहेर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वेळ टिपली. ताई दोन तास दहा मिनिटांनी बाहेर आल्या. माल तपासायला काही मिनिटं, बाकी रांग. माझ्या तक्त्यात या वेळेला रकानाच नव्हता. हात रिकामे, लक्ष रांगेत.

छाट का निघते यावर बायकांची दोन कारणं आहेत. पानं फाटकी, भोकं पडलेली मिळाली की विडी बारीक होते. पानं कमी पडली तर बाई पदरचे पैसे घालून बाहेरून आणते. चांगली पानं कुणाला मिळतात हा प्रश्न तीन वस्त्यांत विचारला. उत्तर कुणी दिलं नाही, पण तिन्हीकडं बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. यावर निष्कर्ष काढलेला नाही, नुसतं पाहणं पुरावा होत नाही.

परत आल्यावर ताईंनी मला वळायला बसवलं. पान रात्री गोणपाटात भिजवलेलं, पत्र्याच्या साच्यानं कातरायचं, तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. वीस केल्या, तीन पास. "तीनपण तुला वाईट वाटू नये म्हणून," ताई म्हणाल्या. भिजवणं आणि कातरणं यातच माझा तास गेला, आणि मजुरी शेवटी वळून झालेल्या विड्यांचीच मोजतात. विडी कामगारांचा कायदा १९६६ चा, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंतचा. त्यात घरी काम करणाऱ्या बाईला कामगार धरलं होतं आणि पानं कारखान्याबाहेर भिजवायला-कातरायला परवानगीची तरतूदही होती. कायदा वाचणार असाल तर आधी वीस विड्या वळा, मग ते कलम नीट कळतं.

२४ जानेवारी

कुंभारी. घर स्वतःचं, भिंती पक्क्या, ताई खूश. पण कार्ड अजून शहरातल्या जुन्याच ब्रँचचं, म्हणजे अक्कलकोट रस्त्यानं जाऊन-येऊन शेअर रिक्षा आणि सकाळ संपली. "ब्रँच बदलून घ्या की," बार्शीकर म्हणाला. ताई म्हणाल्या, कार्ड जुनं आहे, त्यावर पीएफ आहे, हात लावायची भीती वाटते. कार्डाचं महत्त्व आम्हाला उशिरा कळलं. १९७६ चा कल्याण निधीचा कायदा, त्यातला दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, सगळं त्या ओळखपत्रावरून. निधीसाठीचा उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेला, पण बायका कार्ड अजून देव्हाऱ्याशेजारी ठेवतात. काहींकडं कार्डच नाही, त्या दुसरीच्या कार्डावर माल देतात. त्यांच्या मुलाखती आम्ही वस्तीचं नाव न लिहिता ठेवल्या आहेत.

१ फेब्रुवारी

एक्सेल. बार्शीकरनं रिकामे रकाने शून्य भरले. 'उत्तर दिलं नाही' आणि 'शून्य मिनिटं' एक झालं, त्यामुळं काही नवरे अजिबात झोपत नाहीत असं दिसायला लागलं. रात्री दोनपर्यंत कागद काढून पुन्हा भरलं. ४१ मुलाखती, त्यातल्या २२ जणींच्या दोन्ही दिवसांच्या नोंदी पूर्ण. पंधरा अर्धवट, चार वाचताच येत नाहीत, अक्षर माझं.

८ फेब्रुवारी

निष्कर्ष परत सांगायला गेलो. मॅडमचा आग्रह. दहा-बारा बायका अंगणवाडीत, सगळ्या सूप घेऊन. आम्ही तक्ते दाखवले. पाण्याच्या दिवशी विड्या कमी होतात, हे ऐकून एकजण म्हणाली, "हे कळायला दोन महिने लागले व्हय?" सगळ्या हसल्या, आम्हीही.

छाटीवर मात्र हसल्या नाहीत. एक ताई म्हणाल्या, किती जातात ते आम्हाला अंदाजे माहीत, पण लिहिलेलं कुणाकडं नाही. युनियनच्या माणसापुढं 'खूप जातात' म्हटलं की तो विचारतो किती. मग विषय निघाला तो वहीचा: तारीख, पानं किती मिळाली, वळल्या किती, घेतल्या किती, छाट किती. पाच रकाने. आकडे, अक्षर लागत नाही. ही कल्पना त्यांची. आम्ही फक्त रकाने आखले, तेही आधी सात आखले होते, त्यांनी दोन काढायला लावले.

१४ फेब्रुवारी

प्रबंध दिला. खर्च: पहिली प्रश्नावली ९९०, दुसरी १५०, रिक्षा-बस १३४०, चहा-बिस्किटं २२०, चाळीस वह्या बारा रुपयांप्रमाणे ४८०. एकूण ३१८०, डोईला ७९५. वाया गेलेला वेळ: नऊ बाद मुलाखती, साखळी दुरुस्त करायला नऊ दिवस, परवानगीला सहा, गड्डा पाच, एक्सेल एक रात्र. बायकांच्या गेलेल्या विड्यांचा आकडाही परिशिष्टात टाकला, आमच्या अंदाजानं १० डिसेंबरच्या एकाच दिवशी आठशेच्या आसपास. परीक्षकांनी तिथं प्रश्नचिन्ह केलं आहे.

२८ फेब्रुवारी

वह्या बघायला गेले, एकटीच. चाळीसपैकी सव्वीस जणींनी काहीतरी लिहिलंय. काहींनी तीन दिवस लिहून सोडलं, एका वहीत मुलानं गणितं केली आहेत. अकरा वह्यांत छाटीचा रकाना रोजच्या रोज भरलेला. दत्त नगरच्या त्या ताईंनी शेवटी पेनानं सहावा रकाना आखलाय, वर लिहिलंय 'नळ', आणि ज्या दिवशी आला त्या दिवशी बरोबरची खूण. नवीन वह्यांत तो छापून द्याल का, विचारत होत्या. सोमवारी झेरॉक्सवाल्याकडं जायचंय. आधी पाचच काढणार.